एकवीस वर्षांची रम

प्रेमानंद तायडेला वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी रमचं ज्ञान झालं, आणि तेही मोबाइलवरून.

त्याआधी हा माणूस वर्षातून तीनदा रम प्यायचा. बँकेतल्या कुणाची बदली झाली, कुणाच्या पोराचं लग्न ठरलं, की काळ्या कोल्ड्रिंकमध्ये ओतून घ्यायचा आणि घरी येऊन बडीशेप चघळत भिंतीकडे तोंड करून झोपायचा. त्याबद्दल कुणाचं काही म्हणणं नव्हतं. पण उन्हाळ्याच्या तोंडावर त्याला एक व्हिडिओ दिसला. टोकदार दाढीचा एक इसम गोल पोटाच्या प्याल्यात रम फिरवत होता आणि डोळे मिटून सांगत होता, की आधी अननस लागेल, मग चामडं, आणि सगळ्यात शेवटी जुन्या वाचनालयाचा वास. प्रेमानंदने तो व्हिडिओ तीनदा पाहिला.

दुसऱ्या दिवशी जेवताना तो बायकोला म्हणाला, "समता, रमात वाचनालयाचा वास येते, तुले माहीत हाये का?"

समताने त्याच्या ताटात पोळी टाकली. "मी ज्या वाचनालयात अभ्यास केला, तिथं तर उंदराचा वास यायचा."

प्रेमानंदला टोमणा कळला नाही. त्याला टोमणे उशिरा कळत, आणि काही तर कळतच नसत. महिन्याभरात त्याने काचेच्या दारांचं कपाट आणलं, आत निळा दिवा बसवला, सहा गोल प्याले मागवले आणि दिसायला देखण्या अशा सात बाटल्या ओळीत मांडल्या. एकीचा आकार कवटीसारखा होता. एकीच्या गळ्यात सुतळी बांधलेली होती. कपाट बैठकीत लागलं त्याच दिवशी त्याची आई, तानाबाई, विहारातून परतली. तिने एकदा भिंतीवरच्या बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोंकडे पाहिलं, एकदा निळ्या दिव्याकडे.

"हे कपाट इथं ठेवशीन तर मी इथं बसणार नाई," ती म्हणाली. चप्पलही न काढता.

कपाट मागच्या खोलीत गेलं, शिलाई मशिनीशेजारी. तिथेच प्रेमानंदचा अभ्यास सुरू झाला. संध्याकाळी बँकेतून आला की तो प्याला हातात घेऊन बसायचा. त्यात बर्फाचे चार खडे टाकायचा आणि मग त्या गारठलेल्या पाण्यात नाक खुपसून अननस शोधायचा. समता दारातून जाता-येता बघायची. बर्फाने वास मरतो, एवढं साधं ज्याला माहीत नाही, तो चामडं आणि वाचनालयं शोधतोय. तिला वाटायचं, आंधळ्याने चष्म्याची फ्रेम निवडावी तसं हे चाललंय.

तिचं हे वाटणं फुकटचं नव्हतं. समता तेरा वर्षं नाशिकच्या पलीकडे एका डिस्टिलरीच्या प्रयोगशाळेत होती. रोज सकाळी, तोंडात चहाचा थेंबही पडायच्या आधी, तिच्यापुढे तीस-चाळीस प्याले मांडले जायचे. त्यांच्यावर नाव नसायचं, नुसते आकडे. आधी नाक, मग जिभेचं टोक, मग थुंकायचं. कुठल्या लाकडी पिंपाला आतून बुरशी धरली, कुठल्या कारखान्याची मळी उन्हात जास्त दिवस पडून राहिली, कुठल्या खेपेत कुणी रंग वाढवून वय लपवलं, हे तिच्या नाकाला कळायचं आणि मग यंत्र तेच सांगायचं. मुख्य ब्लेंडर, म्हणजे रमची शेवटची मिसळ ठरवणारे, निवृत्त झाले तेव्हा ती जागा समताचीच, असं सगळी प्रयोगशाळा धरून चालली होती. जागा मिळाली मालकांच्या साडूच्या मुलाला. त्याला बारमाही सर्दी होती. "बाईनं रम बनवली हे बाजारात कसं सांगायचं, मॅडम?" असं मालक हसत म्हणाले, आणि समताने त्याच आठवड्यात राजीनामा दिला. पुढे प्रेमानंदची बदली चिखलीला झाली, गाव त्याचंच. समता एका संस्थेच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर रसायनशास्त्र शिकवू लागली. आधी काय करत होतात, असं कुणी विचारलं तर ती म्हणायची, "साखर कारखान्यात होते." शेजारपाजारला तेवढं पुरत होतं.

घरात मात्र तिची स्वतःची एक बाटली होती. स्वयंपाकघरात, साबुदाण्याच्या डब्यामागे. कुठल्याही दुकानात गुडघ्याच्या उंचीच्या फळीवर मिळणारी, साध्या बाटलीतली देशातलीच रम. रविवारी दुपारी चारला तानाबाई विहारात गेली की समता चहाच्या काचेच्या छोट्या ग्लासात दोन बोटं रम घ्यायची आणि दहा मिनिटं तशीच ठेवून द्यायची. आधी उग्र वाफ निघून जाते, मागून माल येतो. मग माठातल्या पाण्याचे चार थेंब. मग काकवी, भाजलेली सुपारी, संत्र्याचं वाळलेलं साल. चाळीस मिनिटं तो ग्लास पुरायचा. त्यात तिला कुणाची सोबत लागत नसे.

प्रेमानंदला ही बाटली माहीत होती. "ते स्वस्तातलं तू कशाले पेतं?" तो म्हणायचा. "माह्या कपाटातलं घे."

"तुमच्या कपाटातलं गोड हाये."

"रम गोडच असते!"

"त्यात साखर कालवली म्हणून गोड हाये. एक थेंब तळहातावर चोळून पाहा, चिकट लागीन. मागचं लेबल वाचता काय कधी? चव वाढवली, रंग वाढवला, सगळं लिहेल असते तिथं. पुढून नुसता वाघ काढेल असते."

"तू लॅबमध्ये होती, समता. तपासणं वेगळं, पेणं वेगळं. त्याले टेस्ट लागते."

काही माणसांशी वाद घालायचा म्हणजे ओल्या लाकडावर फुंकर मारत बसणं.

तानाबाईचं मात्र वेगळंच होतं. दर पौर्णिमेला पंचशील घेणारी ही बाई तरुणपणी दोन हंगाम गुऱ्हाळावर मजुरीला होती, आणि त्या चुलवाणापाशी तिचं नाक तयार झालेलं. एकदा साबुदाणा काढताना ती सुनेला म्हणाली, "तुह्या डब्यामागचं त्याच्या कपाटातल्यापेक्षा बरं हाये. त्याचं तर फुग्याच्या गोळीवानी वास मारते." समता दचकली. तानाबाई साबुदाणा भिजत घालून निघून गेली.

असं सगळं चाललेलं असताना आषाढात प्रेमानंदने घोषणा केली. शनिवारी संध्याकाळी नारायणराव घरी येणार.

नारायणराव म्हणजे अमडापूरकडचे मोठे बागायतदार आणि समता जिथं शिकवायची त्या संस्थेचे अध्यक्ष. कॉलेजात रसायनशास्त्राची एक कायम जागा निघणार होती आणि ती कुणाला द्यायची हे नारायणरावांच्या, म्हणजे भाऊसाहेबांच्या, मनावर होतं. सगळ्या तालुक्याला त्यांचा एक लौकिक ठाऊक होता, की भाऊसाहेबांना रममधलं फार कळतं. हा लौकिक त्यांनी स्वतःच पसरवला होता.

"तुह्यासाठीच बोलावलं," प्रेमानंद म्हणाला. "मोबाइलवाल्या हरिओमनं एक बाटली आणली, एकवीस वर्षं जुनी. इम्पोर्टेड. त्याचा भाऊ दुबईवरून आला. भाऊसाहेबांले पाजली की तुह्या जागेचं काम झालंच समज."

समताला दोन गोष्टी एकदम वाटल्या. एक, की या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा तिच्यासाठी काही कट केलाय. दुसरी, की कट करायचा तोही असा. सहा वर्षं ती पोरांना शिकवत होती, तिच्या वर्गाचे निकाल भिंतीवर लागत होते, आणि जागा मिळणार बाटलीवर.

"भजे करीन," ती म्हणाली. "पण मी तिथं बसणार नाई."

शनिवारी साडेसहाला नारायणरावांची गाडी दाराशी लागली. पांढराशुभ्र शर्ट, बोटात चार अंगठ्या, अंगाला अत्तर. दोन खोल्यांपलीकडे स्वयंपाकघरात समताला त्या अत्तराची वर्दी मिळाली आणि तिने नाक मुरडलं. अंगाला एवढं अत्तर चोपडून जो रमचा वास घ्यायला येतो, त्याचं ज्ञान किती ते तिथंच कळलं. हरिओम आधीच आलेला होता. याचं बसस्टँडजवळ मोबाइलचं दुकान. प्रेमानंदचा शाळेपासूनचा मित्र. त्याने पिशवीतून बाटली अशी काढली की जणू बाळंतिणीच्या खोलीतून बाळ बाहेर आणतोय.

समता भज्यांचं ताट घेऊन मागच्या खोलीत गेली तोवर पहिली फेरी झाली होती. नारायणरावांचा ग्लास निम्म्याहून रिकामा होता. प्रेमानंदने दोन घोट घेतले होते. हरिओमच्या हातात लिंबूपाणी होतं.

"मी शनिवार पाळतो, वहिनी," तो न विचारता म्हणाला.

नारायणराव डोळे मिटून बोलत होते. "प्रेमानंदराव, एकवीस वर्षं म्हणजे एकवीस वर्षं. घशातून उतरताना समजते. हा जो लाकडाचा वास हाये ना, हा आपल्या इकडच्या मालाले जन्मात येणार नाई."

समताने ताट ठेवलं आणि तिथंच थांबली. ग्लासांतून वास वर येत होता. तेरा वर्षं रोज सकाळी तिने जो वास बाजूला काढला, खेप नाकारून सही केली, तोच हा वास. कच्चं स्पिरिट, वर व्हॅनिलाचा इसेन्स, जाळलेली साखर आणि या सगळ्याखाली नेलपॉलिश. तिने बाटली उचलली. झाकणाखालच्या कड्याला बोट लावलं तर गोंदाचा खरखरीत कण लागला. पुढचं लेबल एका कोपऱ्यात फुगलेलं, भिजून पुन्हा वाळल्यासारखं.

जागा तिच्या डोळ्यांसमोर उभी राहिली. कायमची, पगारी, निवृत्तिवेतनाची. तोंड मिटून मागे फिरायचं, एवढंच करायचं होतं.

"हे पिऊ नका," ती म्हणाली.

प्रेमानंदने तिच्याकडे असं पाहिलं, जसा एखाद्याला पायाखालचा साप दिसावा.

"काऊन?" नारायणराव म्हणाले.

"ही रम नाही, भाऊसाहेब. स्पिरिटमध्ये इसेन्स आहे. बाटली रिकामी आणून भरलेली आहे."

नारायणराव आधी हसले. मग हरिओम हसला, जरा जास्तच. "वहिनी, तुम्ही शिकवता तिथं स्पिरिटचे दिवे असतेत, म्हणून तुमाले सगळीकडं स्पिरिट दिसते."

"बाईमाणसाले यातलं काय समजते, मॅडम?" नारायणराव समजावणीच्या सुरात म्हणाले. वर्गातल्या ढ पोराशी बोलावं तसे. "मी तीस वर्षं पेतो. हे नाक फसत नाई."

समताच्या अंगात काहीतरी चढलं. "मग तुमचं नाक आपण तपासू," ती म्हणाली. "तोंडाला लावायचं नाही. फक्त वास."

ती तीन कोरे ग्लास घेऊन स्वयंपाकघरात गेली. एकात हरिओमच्या बाटलीतलं, एकात कपाटातल्या सुतळीवाल्या बाटलीतलं, एकात साबुदाण्याच्या डब्यामागचं. कुठला कुठला ते कळावं म्हणून प्रत्येकाच्या बुडाला एकेक टिकली चिकटवली, लाल, हिरवी, काळी. तानाबाई धम्मग्रंथ वाचत बसली होती. चष्म्यावरून बघत ती म्हणाली, "काय करून राह्यली?"

"अध्यक्षांची परीक्षा घेऊन राह्यली, आई."

"मग मी पाहाले येतो," तानाबाई म्हणाली आणि उठली.

नारायणरावांनी तिन्ही ग्लास नाकाशी नेले. आता त्यांच्यापुढे ना बाटली होती, ना एकवीसचा आकडा, ना दुबई. पहिल्याला त्यांनी मान हलवली. "हे गोड-गोड हाये. बायांचं." ते कपाटातलं होतं, साडेचार हजारांचं, प्रेमानंदचा चेहरा पडला. दुसऱ्याला त्यांनी नाक झटकन मागे घेतलं. "ह्याः! हे तर मोटारीच्या गॅरेजमधलं वाटते." तिसऱ्यापाशी ते थांबले. पुन्हा वास घेतला. आवाज मऊ झाला. "हे. हे तुमचं एकवीस वर्षांचं. मी म्हटलं नव्हतं, नाक फसत नाई म्हणून?"

समताने ग्लास वर उचलून बुडं दाखवली. तिसऱ्याखाली काळी टिकली. "ही माझी. चिखलीतल्या दुकानातली, सगळ्यात खालच्या फळीवरची. आणि गॅरेजमधली म्हणालात ती ही, मघापासून तुम्ही पीत असलेली."

नारायणरावांच्या नाकाने बिचाऱ्याने खरं सांगितलं होतं. तीस वर्षांत त्यांनी त्याला बोलू दिलं नव्हतं, एवढंच.

"हरिओम, आता तू घे वास," समता म्हणाली.

"माह्या शनिवार..."

"वासानं शनिवार मोडत नाई. माह्यं दारू न पेण्याचं पाचवं शील मोडत नाई तर तुह्या शनिवार कसा मोडते बे?" तानाबाई दारातून म्हणाली. पुढे येऊन तिने तो ग्लास हुंगला आणि तोंड वाकडं केलं. मग तिने असं काही विचारलं जे समतालाही सुचलं नव्हतं. "हे दुकानातून आलं, का कोणाच्या हातून आलं?"

हरिओम बाटलीचं लेबल बघू लागला.

"माह्या भाऊ होता, कचरू. लग्नात कॅनमधलं पेला. कोणाच्या हातचं ते कोणीच नाई सांगितलं. सकाळी उठला तं म्हणे, ताने, धुकं काऊन पडलं? मे महिना होता. त्याच्यापुढं सतरा वर्षं जगला, पण धुकं काई उठलं नाई." तानाबाईचा आवाज चढला नव्हता. "म्हणून इचारतो. कोणाच्या हातून?"

हरिओमने लिंबूपाण्याचा ग्लास खाली ठेवला. दुबईचा भाऊ दुबईत कधी गेलाच नव्हता. कुठल्याशा हॉटेलच्या भंगारातून रिकाम्या बाटल्या उचलून एक जण भरून देतो, आपण याच्याआधी पाच-सहा विकल्या, कुणाला काही झालं नाही, असं तो सांगू लागला.

"समता," प्रेमानंद प्याला लांब सारत म्हणाला, "तुले वासावरून सांगता येईन ना? विषारी हाये का नाई ते?"

सगळे तिच्याकडे बघत होते. आता सगळ्यांना तिचं नाक हवं होतं.

"नाही," ती म्हणाली. "मिथेनॉल म्हणतात त्या विषाला वेगळा वास नसतो. नाकाला कळत नाही. दवाखान्यात चला. आत्ता."

नारायणराव सगळ्यांच्या आधी उठले. ड्रायव्हरने गाडी काढली, समताने बाटली पिशवीत घेतली. अख्ख्या रस्ताभर भाऊसाहेब खिडकीतून दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचत होते, दिसताहेत की नाही याची खात्री करायला. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, किती घेतली? "मी पीत नाई," नारायणराव म्हणाले. "यांच्या घरी आग्रह झाला म्हणून चाखली." डॉक्टरांनी दोघांचं रक्त काढलं, सलाइन लावलं आणि सकाळपर्यंत निजून राहायला सांगितलं. प्रेमानंद छताकडे बघत पडला. नारायणरावांना मात्र चैन नव्हतं. दर पंधरा मिनिटांनी ते मान वळवत.

"मॅडम, ही भिंत पांढरीच हाये ना? का मलेच पांढरी दिसून राह्यली?"

"पांढरीच आहे, भाऊसाहेब."

"आणि तो पंखा?"

"तोही पांढरा आहे."

"सगळंच पांढरं कायले ठेवतात हो हे लोक!"

चार दिवसांनी बाटलीच्या तपासणीचा अहवाल आला. हलकं स्पिरिट, इसेन्स, रंग; विष नव्हतं. नारायणराव दुसऱ्याच दिवशी घरी गेले होते आणि जाताना समताला बजावून गेले होते की याची वाच्यता नको, बाटली नाल्यात फेकून द्या. समताने ऐकून घेतलं. मग घरी येऊन तिने दारूबंदी खात्याच्या नावाने तक्रार लिहायला घेतली. कुणाचं नाव घालायचं, कुणाचं नाही, यावर ती अडली. आजवर हरिओमने पाच-सहा घरांत ही बाटली दिली होती, आणि पुढच्या खेपेत काय असेल ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

प्रेमानंद येऊन शेजारी उभा राहिला.

"माह्यं नाव टाक," तो म्हणाला. "बाटली माह्या घरी उघडली. मी साक्षीदार हावो."

"बँकेत कळीन. लोक हसतीन."

"हसू दे. हसण्यासारखंच केलं मी." त्याने पेन घेतलं आणि खाली सही केली. लफ्फेदार सही, कर्जाच्या कागदांवर करतो तशीच. समता त्या सहीकडे बघत राहिली. या माणसाबद्दल गेल्या काही महिन्यांत मनात जे जे म्हटलं होतं, त्यातलं बरंचसं खरं होतं. पण हे त्यात बसत नव्हतं.

हरिओमला चौकशीला बोलावणं आलं आणि त्याच्यामागून भरून देणाऱ्यालाही. नारायणरावांचं नाव कागदावर कुठंच नव्हतं, तरी कुणकुण लागायची ती लागली. पण अमडापुरात गोष्ट पोहोचली ती अशी, की चिखलीत कुणाकडे तरी बनावट रम निघाली आणि भाऊसाहेबांनी नुसत्या वासावरून ती पकडली. समताने ती गोष्ट स्टाफरूममध्ये ऐकली. सांगणाऱ्याचे डोळे कौतुकाने भरून आले होते. तिने चहा संपवला आणि तासाला गेली.

ऑगस्टात मुलाखत झाली. टेबलामागे पाच जण. मधोमध नारायणराव, अत्तरासकट. विषयतज्ज्ञांनी चार प्रश्न विचारले, समताने उत्तरं दिली. शेवटी नारायणराव खुर्चीत मागे रेलले. बाकीच्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, "मॅडम त्या दिवशी हजर होत्या. सांगा मॅडम यांले. ते बनावट मीच ओळखलं ना?"

चौघे कौतुकाने समताकडे बघू लागले.

"हो सर," ती म्हणाली. "बाटली समोरून काढल्याबरोबर ओळखलंत."

तज्ज्ञांनी माना डोलावल्या. त्यांना त्यात स्तुतीच दिसली. नारायणरावांच्या चेहऱ्यावरचं हसू मात्र हळूच मावळलं, आणि त्यांनी पुढच्या उमेदवाराला बोलवायला सांगितलं.

जागा समताला मिळाली. पत्र घरी आलं तेव्हा तानाबाईने पेढे आणायला सांगितलं. समताने पत्र दोनदा वाचलं आणि टेबलावर ठेवलं. आपल्याला ही जागा सहा वर्षांच्या शिकवण्यावर मिळाली नाही, हे तिला स्पष्ट दिसत होतं. ही बाई बाहेर काय बोलेल, या भीतीने मिळाली. नाशकात चांगलं नाक असूनही जागा गेली होती. इथं एका भित्र्या माणसाने ती दिली. तिला दोन्हीचा सारखाच तिटकारा वाटला. तरी तिने पत्राच्या तीन झेरॉक्स काढून घेतल्या, कारण तिटकाऱ्याने घर चालत नाही.

त्या रविवारी दुपारी प्रेमानंद तिला म्हणाला, "चाल, तुले रम घेऊन देतो. नोकरीची."

"कपाटात सात बाटल्या हायेत की."

"त्या वाटून टाकल्या मी. बँकेतल्यांले." तो थोडा घुटमळला. "समता, खरं सांगू काय? मले रम आवडतच नाई. कधीच नाई आवडली. कडू लागते म्हणून कोल्ड्रिंक, आणि मग गोडवाली. अननस-गिननस काईच लागलं नाई मले."

समताला हसू फुटलं. इतकं की पदर तोंडाला लावावा लागला. गेल्या सहा महिन्यांत रमबद्दल या माणसाच्या तोंडून निघालेलं हे पहिलं खरं वाक्य होतं.

दुकान भर रस्त्यात होतं. दुपारची वेळ, समोर एस.टी.ची वाट बघणारी माणसं. प्रेमानंदला वाटलं होतं आपण आत जाऊ, ती गाडीपाशी थांबेल. समता त्याच्या आधी पायऱ्या चढली. आतली दोन गिऱ्हाइकं बाजूला सरकली. दुकानदाराने तिच्या डोक्यावरून प्रेमानंदकडे बघितलं.

"बोला साहेब, कोणती देऊ? नवीन आली, पाहा, खोका कसा हाये. आत दोन ग्लास फ्री."

"मले काय विचारता?" प्रेमानंद म्हणाला. "मले त्यातलं काई समजत नाई. त्याईले विचारा."

दुकानदाराने नाइलाजाने मान खाली केली. समताने खोक्याकडे बघितलंही नाही. तिने खालच्या फळीवरच्या दोन बाटल्या मागितल्या, दारातल्या उजेडात नेऊन एकेकीची पाठ वाचली. एकीवर चव वाढवल्याचं लिहिलेलं होतं, ती परत केली. दुसरीचं सील नखाने तपासलं, भरल्याचा महिना बघितला.

"ही उन्हात किती दिवस उभी होती?"

"नाई मॅडम, आजच काढली."

"धूळ तर दोन महिन्यांची हाये. मागची द्या."

दुकानदार स्टुलावर चढला. बाहेर थांब्यावरची दोन माणसं मान वाकडी करून बघत होती. प्रेमानंद दारात त्यांच्याकडे पाठ करून उभा राहिला, पिशवी उघडी धरून.

घरी आल्यावर समताने छोटा ग्लास घेतला आणि गच्चीवर नेऊन कठड्यावर ठेवला. प्रेमानंदने ताकाचा तांब्या आणला, मीठ-जिरं घातलेलं. तानाबाई विहारातून आली नव्हती. ऊन कलत होतं.

"आता?" प्रेमानंद म्हणाला.

"आता दहा मिनिटं काहीच नाई करायचं."

तो खुर्ची ओढून बसला आणि ताक प्यायला लागला.